गोळ्याचा रिपोर्ट

घणसोली गावात हार्डवेअरच्या दुकानावर एक हॉल आहे. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठपासून बायकांची रांग लागायची. जिना अरुंद, त्यामुळे रांग खाली गल्लीत उतरून, मोबाईलच्या टपरीला वळसा घालून थेट मासेवालीच्या पाटीपर्यंत जायची. रांगेत पुरुष फारसे नसायचे, कारण वर जे काढलं जायचं ते पुरुषांकडे नसतंच. वर शिवतेज महाराज बायकांच्या पोटातला गोळा नुसत्या हाताने काढायचे. सुरी नाही, टाका नाही, भूल नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाई कामावर हजर. इतकं सोपं असताना डॉक्टरकी शिकायला पोरंपोरी दहा-दहा वर्षं का घालवतात, हा प्रश्न रांगेत कुणाला पडत नव्हता.

दत्तूलाही पडला नव्हता. दत्तू साताऱ्याकडचा, मार्केटात माथाडी. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन तो बोलत बोलत चालायचा, पण बायकोचं दुखणं कुठून उचलावं ते त्याला कळत नव्हतं. बायको गोजरा, वय चव्वेचाळीस, पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला. दहा महिन्यांपासून तिची पाळी सुरू व्हायची तेव्हा कळायचं, थांबायची कधी ते कळायचं नाही. चेहरा पांढरा पडला होता, खोलीचा जिना चढताना ती दोनदा बसायची. आणि तरी कामाला जायची, कारण अशा दुखण्यासाठी सुट्टी कशी मागायची ते तिला माहीत नव्हतं.

पालिकेच्या हॉस्पिटलात डॉक्टर सुमेधा नावाच्या बाईंनी तिला तपासलं. सोनोग्राफी झाली. गर्भपिशवीला नारळाएवढी गाठ निघाली. पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला, तो पोचवायचं काम दत्तूकडे आलं. सरकारी हॉस्पिटलात नातेवाईक हाही एक कर्मचारीच असतो, फक्त त्याला पगार नसतो. सिस्टरने त्याच्या हातात बरणी आणि अर्ज दिला आणि बजावलं, "बाईच्या पोटातून काहीही निघालं तरी ते लॅबला जातं. बघितल्याशिवाय आम्ही टाकत नाही. हे हरवलंत तर सगळं पहिल्यापासून." दत्तूने ती बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून लॅबच्या खिडकीपर्यंत नेली. रिपोर्ट आला, कॅन्सर नाही. मग गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पाच महिने गेले. रक्त जायचं थांबेना. हिमोग्लोबिन सहावर आलं.

"आता पिशवी काढावी लागेल," डॉक्टर सुमेधा म्हणाल्या. "आधी रक्त चढवू, मग ऑपरेशन. अंडाशय चांगले आहेत, ते ठेवू." मग त्यांनी संमतीपत्र पुढे घेतलं, आणि इथेच त्यांचं चुकलं असं गल्लीचं मत पडलं. त्यांनी ते वाचून दाखवलं. रक्तस्राव जास्त होऊ शकतो. मूत्राशयाला किंवा आतड्याला इजा होऊ शकते. टाक्यांत पू होऊन ताप येऊ शकतो. पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. भुलेचा त्रास होऊ शकतो. "बहुतेकींना यातलं काही होत नाही. पण होऊ शकतं, म्हणून सांगायला हवं."

गोजराने फक्त 'होऊ शकतं' एवढंच ऐकलं. घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली. "आवं, ह्यातलं एकबी झालं तर माझ्या पोरीचं लगीन कोण करंल?"

तिच्या भीतीला खतपाणी घालायला घरमालकीण काशी होतीच. काशी गावठाणातली, तिथलीच. गल्लीतल्या कुठल्याशा नर्सिंग होममध्ये एकोणतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली होती. का, तर अंगावरून पांढरं जातं म्हणून. उद्या कॅन्सर होईल असं तिथल्या डॉक्टरने घाबरवलं आणि पिशवीसोबत अंडाशयही काढून टाकले. "तवापासून हाडं दुखतान माजी," काशी म्हणाली. "अंगाची आग होते. तू पन तशीच होशील. मंग पानी भराला कोन हाय तुला?"

डॉक्टर सुमेधांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी गोजराचे कागद पुढे ओढले. "त्या बाईंची पिशवी काढायलाच नको होती," त्या म्हणाल्या. "पांढरं जातं त्याला गोळ्या असतात. कारण नसताना काढणं चूक आणि कारण असताना न काढणंही चूक. तुमचं कारण हे आहे." आणि त्यांनी रक्ताच्या रिपोर्टवरच्या सहाच्या आकड्याभोवती गोल केला. पण आकड्यापेक्षा काशीची हाडं रोज समोर दिसत होती.

म्हणून मग सोमवारची ऑपरेशनची तारीख बाजूला राहिली आणि मंगळवारी दत्तू, गोजरा आणि दत्तूची आई मुक्ताबाई हार्डवेअरच्या दुकानावर गेली.

महाराज पस्तिशीचे, गोरेपान, रेशमी कुडता, मनगटावर महागडं घड्याळ. वेळेच्या पलीकडे गेलेल्या माणसाला घड्याळ कशाला, असं कुणी विचारलं नाही. दोन्ही हात वर करून ते आधी व्याख्यान द्यायचे.

"हॉस्पिटलवाले काय बोलतात? सही कर. का? कारण त्यांचा स्वतःवर भरोसा नाही. माझी देवीआई सही मागते का?"

"नाय," रांग म्हणाली.

"त्यांच्या कागदावर धोके किती? पाच. माझ्या कागदावर किती?" महाराज थांबले, हसले. "माझ्याकडे कागदच नाही. टेन्शनच नाही."

बायकांनी हात जोडले. ज्याच्याकडे धोक्याची यादी नाही त्याच्याकडे धोका नाही, हा हिशेब सगळ्यांना एकदम पटला. उद्या एखाद्या ड्रायव्हरने गाडीचे ब्रेक काढून टाकले आणि 'आता ब्रेक फेल होणारच नाहीत' असं सांगितलं, तर याच बायका पोराबाळांना घेऊन त्या गाडीत बसल्या असत्या.

गोजराला दिवाणावर झोपवलं. सेवेकऱ्याने तिच्या पोटावर ओल्या हळदीचा लेप दिला. महाराजांनी तांब्यातल्या तीर्थात बोटं बुडवली, डोळे मिटले, आणि पोट चोळायला सुरुवात केली. चोळता चोळता पोटावर लाल ओघळ आला. बायका श्वास धरून बसल्या. सेवेकऱ्याने ओला नॅपकिन पुढे केला, महाराजांचा हात त्याखाली गेला, मनगट कळ लागल्यासारखं थरथरलं, आणि हात वर आला तेव्हा बोटांत लालभडक, चकचकीत मांसाचा गोळा होता. तो हॉस्पिटलात असतो तशाच स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून महाराजांनी सगळ्यांना दाखवला. पोटावर जखम नव्हती, ओरखडासुद्धा नव्हता. दत्तूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाचे पाय धरले.

"नारळाएवढी गाठ म्हनलेल्या की म्याडम," मुक्ताबाई पुटपुटली. "हा तर लिंबाएवढा हाय."

"आईच्या हातात आला की आकसतो," सेवेकरी म्हणाला. उत्तरं तयार ठेवण्यात हा दरबार कुठेच कमी पडत नव्हता.

गोळा लाल कापडात बांधून दत्तूकडे देण्यात आला. नियम असा की नवऱ्याने तो खाडीत सोडायचा, गाठ सोडायची नाही, मागे वळून बघायचं नाही. नियम मोठा हुशारीने केला होता, फक्त तो करताना महाराजांनी एक गोष्ट धरली नव्हती. समोरचा नवरा पाच महिने सरकारी हॉस्पिटलात नातेवाईक म्हणून राबलेला होता.

खाडीच्या बांधावर दत्तू कापड हातात घेऊन उभा राहिला आणि त्याला सिस्टरचे शब्द आठवले. पोटातून काहीही निघालं तरी ते लॅबला जातं. महाराज पडले साधुपुरुष, त्यांना हॉस्पिटलचे नियम कुठून माहीत असणार? हे असंच पाण्यात सोडलं आणि उद्या डॉक्टरणीने विचारलं, गोळा कुठाय, तर काय दाखवायचं? शिवाय रिपोर्ट मिळाला तर चमत्कारावर सरकारी शिक्काच बसणार होता. महाराजांची सेवा करायची म्हणून, अत्यंत श्रद्धेने, दत्तूने त्यांचा नियम मोडला. घरी जाऊन त्याने लोणच्याची रिकामी बरणी धुतली, मीठ-पाणी केलं आणि गोळा त्यात ठेवला. बुधवार-गुरुवार मार्केटात दोन्ही पाळ्या लागल्या, म्हणून जाणं शुक्रवारवर गेलं.

त्या दोन दिवसांत घरी आणखी एक चमत्कार झाला. मुक्ताबाईने गोजराचा परकर धुवायला घेतला, तर त्यावरचं रक्त चार पाण्यांतून पिळल्यावर पिवळं झालं. रक्ताचा डाग काळा पडतो, तपकिरी होतो, पण पिवळा कधी कुणी पाहिलाय? मुक्ताबाईने परकर दोरीवर वाळत घालून चाळीतल्या सगळ्यांना दाखवला. "देवीचं रगात हाय ते. हळदीचं." दोन बायकांनी परकराला नमस्कार केला.

गोजराच्या अंगावरून मात्र जातच होतं, आधीपेक्षा जास्त. महाराजांना विचारलं, तर ते म्हणाले, "सात दिवस मळ जाणार. गेलाच पाहिजे." शुक्रवारी दरबारात साक्ष द्यायला त्यांनी तिला बोलावलं होतं. बरी झालेली बाई म्हणून रांगेसमोर खुर्चीवर बसायचं होतं.

शुक्रवारी सकाळी मुक्ताबाई सुनेला घेऊन हॉलवर गेली आणि दत्तू बरणी घेऊन हॉस्पिटलात. लॅबच्या खिडकीत नंदकिशोर नावाचा टेक्निशियन होता. त्याने वर न बघता अर्ज पुढे ओढला.

"पेशंटचं नाव?"

"गोजरा."

"काय काढलंय?"

"गोळा. पिशवीतला."

"कुठल्या युनिटने काढला?"

दत्तूने विचार केला. "हार्डवेअरच्या वरच्या."

नंदकिशोरने आता वर बघितलं. मग बरणीकडे बघितलं, त्यावरचं आंब्याचं चित्र बघितलं, आणि डॉक्टर सुमेधांना फोन केला.

त्या ओपीडी सोडून खाली आल्या. दत्तूने सगळं सांगितलं, अभिमानानेच सांगितलं, आणि ऑपरेशन रद्द करायची विनंती केली. त्या हसल्या नाहीत. हातमोजे घालून त्यांनी गोळा ट्रेमध्ये घेतला आणि मधोमध उभा कापला. आत जाड लाल मांस, त्याच्या पोटात पिवळं सुरकुतलेलं कातडं, आणि त्या कातड्यात वाळूचे बारीक खडे आणि मक्याचा अर्धा दाणा.

"दत्तूभाऊ, तुम्ही चिकन खाता?"

"खातो की."

"मग हे तुम्हीच ओळखा."

दत्तू वाकला. दर रविवारी मार्केट बंद असतं, दर रविवारी त्याच्या घरी कलेजी-पेटा होतो, आणि पेट्याचं हे पिवळं कातडं सोलायचं काम गेली वीस वर्षं त्याचंच होतं.

"पेटा हाय हा," तो म्हणाला. "कोंबडीचा."

"कोंबडीला दात नसतात. ती दाणे इथे खड्यांनी दळते. बाईच्या पोटात मका दळायची सोय नसते." मग त्यांचा आवाज उतरला. "रक्त जायचं थांबलंय का?"

"न्हाई. वाढलंय."

आणि हे बोलतानाच दत्तूला ते कळलं. ट्रेमध्ये कोंबडीचा पेटा होता, म्हणजे नारळाएवढी गाठ जिथे होती तिथेच होती. मळ म्हणून तीन दिवस जे जात होतं ते गोजराचं रक्त होतं, आणि ते त्याने स्वतः, पाय धरून, जाऊ दिलं होतं. त्याच्या पाठीवर आजवर इतकं ओझं कधी आलं नव्हतं.

"ती आत्ता कुठे आहे?" डॉक्टर सुमेधांनी विचारलं. "आत्ताच्या आत्ता आणा. मी रक्त मागवून ठेवते."

दत्तू ट्रे तसाच उचलून रिक्षात बसला.

हॉलमध्ये दरबार भरात होता. गोजरा खुर्चीवर होती, ओठ पांढरे, मान एका बाजूला. महाराज तिच्याकडे बोट दाखवून सांगत होते, "बघा, कशी शांत झाली आहे." दिवाणावर दुसरी बाई हळदीचा लेप लावून झोपलेली होती. दत्तूने ट्रे त्या बाईच्या उशाशी ठेवला आणि रांगेकडे वळला.

"बायांनो, तुमी रोज रांधता. हे काय हाय ते सांगा."

पुढच्या चौघींनी वाकून बघितलं. सांगायला पाच सेकंदही लागले नाहीत. "पेटा," एक म्हणाली. "धुतलाबी न्हाई नीट," दुसरी म्हणाली.

महाराज डगमगले नाहीत, तो त्यांचा धंदाच होता. "नियम मोडलास, गाठ सोडलीस. तुझ्या अविश्वासाने गोळ्याचं रूप बदललं."

रांगेतल्या निम्म्या माना हलल्या. खरं सांगायचं तर दत्तूचीही हलणार होती, इतकी ती सवय पक्की होती. पण मुक्ताबाई उठली. ती महाराजांच्या तांब्यात बोट बुडवून त्याचा वास घेत होती. सत्तर वर्षांची बाई, पन्नास वर्षं पान खाणारी, कमरेला चंची. त्या तांब्यातल्या पाण्याचा वास तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"चुन्याची निवळी हाय ही," ती म्हणाली. दिवाणावरच्या बाईच्या पोटावर तिने ते ओलं बोट फिरवलं. पिवळ्या हळदीवर रक्तासारखा लाल पट्टा उमटला. तिने दुसरा ओढला, तिसरा ओढला. "हळदीला चुना लावला की लाल हुतं, कुंकू असंच करत्यात. चुना धुतला की परत पिवळं. आनि मी येडी परकर दावत हिंडले."

कुणीतरी कोपऱ्यातला मोठा थर्मास उघडला. प्रसादाच्या दुधाचा म्हणून सांगितला जायचा तो. आत बर्फावर पेटे मांडून ठेवले होते, आणि शेजारी ओले नॅपकिन, एकेकाची घडी तयार. त्या दिवशी टोकनं बारा वाटली होती, पेटे बारा होते. ज्याला एका बाईच्या पोटातलं दिसत नाही, त्याला रांग मात्र बरोबर मोजता येत होती. महाराजांना अचानक समाधी लागायची वेळ झाली आणि ते मागच्या जिन्याने गेले.

दत्तूला ते गेलेलं कळलंही नाही. त्याने गोजराला उचललं होतं. ती इतकी हलकी कधी झाली, हेच त्याला समजत नव्हतं. रिक्षात तिने डोळे उघडून विचारलं, "काय झालं वं?" आणि दत्तू म्हणाला, "मी चुकलो." असं तो लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणत होता.

हिमोग्लोबिन साडेचारवर आलं होतं. रक्ताच्या बाटल्या लागल्या, दत्तूच्या टोळीतले सहा जण गोण्या टाकून रक्त द्यायला आले. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. मूत्राशय पिशवीला चिकटलेलं होतं, ते जपून सोडवायला वेळ लागला. तासाभराचं काम अडीच तास चाललं. आणि ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी गोजराला ताप भरला, टाक्यांत पू झाला.

आता गल्लीला पुन्हा कंठ फुटला. काशी जिन्यात उभी राहून म्हणाली, "बगा, मी बोलली होती ना." चमत्कार खोटा निघाला तेव्हा गप्प बसलेली माणसं औषधात एक अडचण आली की कशी लगेच शास्त्र मागू लागतात, हे बघण्यासारखं होतं. पण यादीत तिसरं जे वाचलं होतं तेच हे होतं, आणि यादी लिहिणाऱ्यांना त्याचं काय करायचं तेही ठाऊक होतं. रोज ड्रेसिंग, औषध बदललं, अठराव्या दिवशी गोजरा पायांनी चालत घरी आली. खऱ्या गाठीचा रिपोर्टही आला. तिच्यात मका नव्हता.

महाराज पोलिसांना खांदेश्वरच्या एका फ्लॅटमध्ये सापडले. तिथे नवा बोर्ड रंगवून तयार होता, या वेळी मूळव्याधीचा. त्या दिवशी हॉलमध्ये चाळीसेक बायका होत्या. पोलिसांनी तक्रारीवर सही मागितली, तेव्हा देवीच्या कोपाच्या भीतीने एकोणचाळीस जणींचे हात दुखायला लागले. अंगठा उठवला तो एकट्या मुक्ताबाईने.

वाचणाऱ्यांनो, सांगायचं एवढंच. पिशवी काढा म्हणणाऱ्या प्रत्येकाचं ऐकू नका. कारण विचारा, दुसरा उपाय आहे का विचारा, काय बिघडू शकतं ते विचारा, दुसऱ्या डॉक्टरलाही विचारा. पांढऱ्या कोटातला माणूसही या प्रश्नांतून सुटता कामा नये, काशीच्या वेळी कुणी विचारलं असतं तर तिची हाडं आज अशी नसती. पण प्रश्न विचारायचे ते ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला. आणि उत्तर चुकलं तर दाखवता येईल असा कागद ज्याच्याकडे आहे, त्याला.

दोन महिन्यांनी गोजरा तपासणीला गेली. ओपीडीच्या बाकावर शेजारी एक तरुण बाई बसली होती, गालाचा रंग गेलेला, मांडीवर संमतीपत्र उघडं. ती तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होती.

"ताई, हे सगळं होऊ शकतं लिहिलंय," ती गोजराला म्हणाली. "आमच्याकडे एक जण आहेत, ते बोलतात काहीच होणार नाही. काय करू?"

गोजराने कागद हातात घेतला. वाचता तिला जेमतेम येत होतं, तरी बोट ठेवून तिने तिसरी ओळ शोधली.

"ह्ये मला झालं," ती म्हणाली. "लई तरास झाला. खोटं न्हाई सांगत. हितल्या म्याडमनी आधी सांगितलेलं, आनि झालं तवा रोज येऊन बघितलं." तिने कागद परत दिला. "तुला काईच होनार न्हाई, असं मला एकच मानूस म्हनला हुता बाई. त्याच्या फुड्यात खुर्चीवर बसून मी मरत हुते, आनि तो लोकांस्नी सांगत हुता की मी शांत झालेय."